पैठणीच्या जरीपुढे आरएफआयडी टॅग गप्प का बसतो?

जरीकाठ_नाशिक

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळणार नाही म्हणून सविस्तर लिहिते.

नाशिकला आमचं साड्यांचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, आता मी आणि माझे दीर बघतो. दोन मजले, सगळ्या मिळून साधारण नऊ हजार साड्या. खाली सुती, सिंथेटिक, रोजच्या काठपदराच्या. वरच्या मजल्यावर पैठण्या, शालू आणि बनारसी, म्हणजे लग्नाच्या बस्त्याचा माल.

वर्षातून दोनदा मोजणी करतो, मार्चअखेर आणि दिवाळीच्या आधी. दुकान दोन दिवस बंद. सहा मुली आणि दोन बारकोड गन. प्रत्येक साडीचं लेबल शोधायचं, घडी उचलायची, गनसमोर धरायची, परत ठेवायची. पैठणीची घडी इतकी हाताळली की जर मोडते, पदराला आडवी रेघ पडते, आणि ती रेघ गिऱ्हाईक पहिल्या नजरेत हेरतं.

यंदा मार्चमध्ये ३७ साड्या कमी भरल्या. सगळ्या वरच्या मजल्यावरच्या. वरच्या मजल्यावर ज्या दोघी असतात त्यांच्याकडे बाकीचे वेगळ्या नजरेनं बघायला लागले. एक तर काम सोडायला निघाली होती. पुढच्या तीन आठवड्यांत त्यातल्या ३१ सापडल्या. काही फॉल-पिकोवाल्याकडे, काही एका घरी पसंतीला पाठवलेल्या गाठोड्यात, सहा चुकून शालूंच्या कप्प्यात आणि दोन तर खालीच. त्या मुलींची मी माफी मागितली, पण ते तीन आठवडे त्यांनी कसे काढले ते मी पाहिलंय. पुन्हा ती वेळ येऊ द्यायची नाही, म्हणून आरएफआयडीची, म्हणजे रेडिओ लहरींनी दुरून वाचता येणाऱ्या लेबलांची (त्यांनाच टॅग म्हणतात), चौकशी सुरू केली.

एका कंपनीचा माणूस डेमोला आला. खालच्या सुती साड्यांना चिकटवायची लेबलं लावली, हातातलं यंत्र फिरवलं आणि दोनशे साड्या आम्ही चहा संपवायच्या आत मोजून झाल्या. दीर तिथंच चेक फाडायला तयार झाले. मी म्हटलं, आता वर चला. पैठण्यांची चाळीसची थप्पी पुढे ठेवली, प्रत्येकीच्या घडीत लेबल सरकवलं. यंत्रानं मोजल्या अकरा. पुन्हा फिरवलं, तेरा. मग नऊ. तो म्हणाला, "मॅडम, सेटिंगचा प्रश्न आहे, बसवताना करून देऊ."

माझं मन मानत नाही. हे यंत्र चालतं तरी कसं? सुती साडीला चालणारा टॅग पैठणीला का चालत नाही? सेटिंगनं खरंच सुटेल का? दारात गेट बसवलं तर चोरी थांबते का? आणि सासूबाईंचा प्रश्न: या लहरींनी रेशमाला किंवा माणसाला काही होतं का?

कोणी प्रत्यक्ष वापरलं असेल तर कृपया लिहा.


भोसरीचा_किरण

ताई, चेक फाडला नाहीत ते फार बरं केलंत. हे सेटिंगनं सुटत नाही. सुटतं ते टॅग कुठे आणि कसा टांगता त्यावर.

मी बारा वर्षं हेच काम करतोय. सुरुवात चाकणला झाली. गाड्यांचे सुटे भाग ज्या लोखंडी ट्रॉल्यांमधून एका कारखान्यातून दुसऱ्यात जातात, त्या ट्रॉल्या हरवू नयेत म्हणून त्यांना टॅग लावायचे. पुढे कापडाच्या गोदामांत आलो. लोखंडावर टॅग लावताना जे शिकलो ते तुमच्या जरीला लागू पडेल.

आधी टॅग समजून घ्या. डेमोतलं एखादं लेबल उरलं असेल तर उजेडाकडे धरून बघा. कागदाच्या आत चकाकणारी नक्षी दिसेल, ती ॲल्युमिनियमच्या वर्खाची अँटेना. मधोमध एक काळा ठिपका दिसेल, राजगिऱ्याच्या दाण्यापेक्षाही लहान. ती चिप. त्यात बॅटरी नाही. टॅग एरवी पूर्ण निर्जीव असतो.

रीडर, म्हणजे डेमोत फिरवलेलं ते यंत्र, ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात लहरी सोडतो. आपल्याकडे या पट्ट्यात ठरलेल्या ताकदीपर्यंतच्या यंत्राला परवाना लागत नाही. त्या लहरी अँटेनावर पडल्या की त्यातूनच चिपला वीज मिळते. किती? वॅटच्या एक लाखाव्या भागाच्या आसपास. तेवढ्यावर चिप जागी होते आणि आपला नंबर सांगते.

आता सांगते कशी, तो यातला माझा सगळ्यात आवडता भाग. लहानपणी आरशाचा तुकडा घेऊन समोरच्या घरात कवडसा पाडला असेल तुम्ही. आरशाला स्वतःचा उजेड नसतो. ऊन सूर्याचं, आपण फक्त आरसा हलवतो, आणि समोरच्या भिंतीवर उजेड येतो-जातो. टॅग तेच करतो. लहर रीडरची. चिप फक्त आपल्या अँटेनाचा गुण क्षणाक्षणाला बदलते. कधी लहर जास्त परतते, कधी कमी. त्या कमी-जास्तीतून रीडर नंबर वाचतो. हॅरी स्टॉकमन नावाच्या अभियंत्यानं परतलेल्या लहरीतून संदेश पाठवण्याच्या या कल्पनेवर १९४८ सालीच निबंध लिहिला होता. तेव्हा एवढीशी चिप बनवता येत नव्हती, म्हणून कल्पना पुढे बरीच वर्षं कागदावर राहिली.

चाळीस टॅग एकदम बोलले तर गोंधळ होईल, म्हणून हजेरीसारखी पद्धत आहे. रीडर आधी सांगतो की मी इतक्या पाळ्या देणार आहे. प्रत्येक टॅग मनाशी एक पाळी निवडतो आणि मोजत बसतो. आपली पाळी आली की तो एक तात्पुरता आकडा उच्चारतो. रीडरनं तोच आकडा परत म्हटला की टॅगला कळतं, माझं ऐकू गेलं, मग तो आपला खरा नंबर सांगतो आणि त्या फेरीपुरता गप्प होतो. दोघांची पाळी एकच निघाली तर ते पुढच्या फेरीत. सेकंदाला शेकडो टॅग असे उरकतात.

आता जर. अस्सल जर म्हणजे चांदीची तार, त्यावर सोन्याचं पाणी. नकली जरीत तांबं असतं. प्लॅस्टिकच्या जरीतही पातळ फिल्मवर धातूचा थर असतोच. पदर भरजरी असेल तर रीडरच्या दृष्टीनं तो कापड नाही, पत्रा आहे. पत्र्यावर लहर आपटते आणि उलटी होऊन परत फिरते. जाणारी आणि येणारी लहर पत्र्याच्या अगदी अंगाशी एकमेकींना खाऊन टाकतात, म्हणून तिथं टॅगला वीजच मिळत नाही. त्यात भर म्हणजे टॅगची अँटेना कागदावर मोकळ्या हवेत असेल असं धरून जुळवलेली असते. शेजारी धातू आला की ती बेसूर होते, ओल्या तबल्यासारखी. आणि चाळीस पैठण्यांची थप्पी म्हणजे एकावर एक चाळीस पत्रे. आत सरकवलेलं लेबल दोन्ही बाजूंनी झाकलं गेलं. ताकद वाढवून ते ऐकू येणार नाही. उलट ताकद वाढवली की लाकडी पार्टिशनपलीकडच्या साड्या मोजल्या जातील, तो त्रास वेगळाच.

हेच तुम्ही रोज गाडीत बघता. फास्टॅग याच जातीचा, बिनबॅटरीचा टॅग आहे. तो काचेवर आतून चिकटवतात, बॉनेटवर नाही, कारण बॉनेट पत्र्याचं. काही गाड्यांच्या काचेलाच धातूचा थर असतो, तिथं फास्टॅगही अडखळतो.

उपाय अंतर. पत्र्याच्या अंगाशी लहर मेलेली असते, पण दूर जावं तशी ती जिवंत होते. ८६६ मेगाहर्ट्झला लहरीची लांबी साधारण साडेचौतीस सेंटिमीटर. तिचा चौथा हिस्सा, म्हणजे साडेआठ सेंटिमीटरच्या सुमारास, ती सगळ्यात जोरात असते. तुम्हाला इतकं अंतर लागणार नाही, पण दिशा कळली. माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः करून बघा. त्या कंपनीकडून यंत्र दोन दिवस मागून घ्या, खरेदीच्या आधी देतात. त्याच चाळीस पैठण्या घ्या. आधी लेबल घडीत. मग घडीच्या बाहेर, काठाला चिकटून. मग दोऱ्यानं दोन बोटं लांब. मग चार बोटं लांब. प्रत्येक वेळी तीनदा मोजा आणि आकडे कागदावर लिहा. टॅग मांडणीच्या दर्शनी बाजूला, चालायच्या वाटेकडे तोंड करून हवेत.

खोक्याला टॅग लावू नका. साडी एका खोक्यात आणि झाकण दुसऱ्यावर, हे तुमच्याकडे रोज होत असणार.

टॅगमध्ये काय लिहायचं? फक्त नंबर. भाव, रंग, विणकराचं नाव काही नाही. १९९९ मध्ये अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठात याच तंत्रावर संशोधन करणारं ऑटो-आयडी सेंटर सुरू झालं. आयआयटी कानपूरला शिकलेले संजय सरमा त्याच्या संस्थापकांपैकी. चिपवर फक्त ओळख ठेवा आणि बाकीची माहिती संगणकात, हा त्यांचा आग्रह होता, आणि त्यामुळेच चिप लहान आणि स्वस्त झाली. तुमच्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आज प्रत्येक साडीला स्वतंत्र नंबर आहे का, की एका डिझाइनच्या दहा साड्यांना एकच बारकोड? हे आज रात्री तपासा. एकच असेल तर आधी ते बदलावं लागेल, कारण सारख्या नंबरचे दहा टॅग रीडर एकच साडी म्हणून मोजतो. मी एका गोदामात तीन दिवस डोकं फोडलं होतं. माल समोर दिसतोय आणि मोजणी कमी. प्रिंटरवाल्यानं एक रोल दोनदा छापला होता.

कापड खरं तर आरएफआयडीला सगळ्यात मानवलेला माल. वॉलमार्टनं २००३ मध्ये आपल्या पहिल्या शंभर पुरवठादारांना सांगितलं होतं की जानेवारी २००५ पासून खोकी आणि पॅलेटवर (खोकी रचायच्या फळ्यांवर) टॅग हवेत. त्यात पाण्याच्या बाटल्या आणि डबाबंद माल आला की टॅग अडायचे, कारण पाणी लहर पितं आणि धातू परतवतो. कपड्यात दोन्ही नाही. म्हणून हे तंत्र पुढे कपड्यांच्या दुकानांत रुजलं. डेकॅथलॉनमध्ये गेलात तर टोपली काउंटरच्या खणात ठेवा, सगळं बिल एकदम होतं. तुमचा वरचा मजला मात्र कपड्यातला अपवाद आहे आणि डेमोवाल्याला ते माहीत असायला हवं होतं.

गेटबद्दल खरं सांगतो. आरएफआयडीचं गेट कोणती साडी गेली ते सांगेल, पण कोणी टॅग अंगाशी दाबून धरला तर शरीरातलं पाणी लहर पिऊन टाकेल आणि गेट गप्प राहील. दुकानांच्या दारात जी गेटं केकाटतात त्यातली बरीच आरएफआयडीची नसतातच. ती ८.२ मेगाहर्ट्झ किंवा ५८ किलोहर्ट्झवर चालतात, त्यांना फक्त "काहीतरी चाललंय" एवढंच कळतं. तुमचा प्रश्न चोरीचा दिसत नाही, साडी कुठे आहे हे न कळण्याचा आहे. गेटचे पैसे आत्ता घालू नका. त्यापेक्षा फॉल-पिकोला किंवा पसंतीला साडी बाहेर पडते त्या टेबलावर एक छोटी सपाट अँटेना बसवा. गाठोडं ठेवलं की नोंद झाली, परत आलं की पुन्हा नोंद. तुमच्या ३७ साड्यांचा बराचसा हिशेब त्या टेबलावर लागला असता.

सासूबाईंना सांगा, रेशमाला काही होत नाही. रीडरची ताकद मोबाइलच्या जवळपासची आहे. घरात कोणाला पेसमेकर असेल तर त्यांनी यंत्र छातीशी धरू नये आणि डॉक्टरांना विचारून घ्यावं.

आणखी एक. परदेशातून स्वस्तात आणलेलं रीडर घेऊ नका. अमेरिकेतली यंत्रं ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झवर चालतात, आणि आपल्याकडे त्यातला काही भाग मोबाइल कंपन्यांना दिलेला आहे. ते वापरणं बेकायदा आहे आणि तिथं बसवलेला टॅगही नीट सुरात लागत नाही.


ग्रंथालयातली_सुमन

किरणदादांनी छान समजावलं. मी सांगलीकडच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहे. आमच्याकडे आरएफआयडी आहे, पण जात वेगळी. आमचं १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतं. त्यात अँटेना म्हणजे गोल फिरवलेलं वेटोळं असतं आणि काम चुंबकीय क्षेत्रावर होतं, त्यामुळे अंतर कमी. मेट्रोचं कार्ड टेकवतो तसं. पुस्तकाला ते पुरतं, आणि शेजारच्या मांडणीतली पुस्तकं आगाऊपणे मोजली जात नाहीत हा फायदा.

लिहायला आले ते ताईंच्या त्या मुलींसाठी. ग्रंथालयात "हरवलेलं" पुस्तक बहुतेक वेळा चुकीच्या कप्प्यात असतं. आमच्याकडे एका विद्यार्थ्याला पुस्तक न दिल्याचा दंड भरायला लावला होता. नंतर कप्प्यांवरून हातरीडर फिरवताना ते पुस्तक वनस्पतिशास्त्रातून निघालं, असायला हवं होतं अर्थशास्त्रात. त्यानं परत केलं होतं, आम्ही चुकीचं लावलं होतं. पैसे परत दिले. पण त्या मुलानं नंतर ग्रंथालयात यायचं सोडलं होतं, ते मला अजून खुपतं. म्हणून म्हणते, फक्त वर्षअखेरच्या मोजणीला हे यंत्र काढू नका. रोज संध्याकाळी एक मांडणी फिरवा.

आमच्याकडे सुरुवातीला एक चूक झाली, ती तुम्ही टाळा. सगळ्या पुस्तकांच्या मलपृष्ठाच्या आत, एकाच उंचीवर टॅग चिकटवले. कवितासंग्रह पातळ असतात. दहा संग्रह शेजारी उभे राहिले की दहा टॅग एकमेकांच्या पाठीला पाठ. ते एकमेकांची अँटेना बिघडवतात आणि मधले वाचलेच जात नाहीत. मग आम्ही उंची बदलली: एक वर, एक मधे, एक खाली, पुन्हा वर. तुमच्या साड्याही पातळ घडीच्या असतील तर टॅग एका ओळीत येऊ देऊ नका.


धावता_धोटा

मी येवल्याचा. घरात माग आहेत. दोन प्रश्न विचारतो.

मागावरच टॅग विणून टाकला तर पैठणी हातमागाची आहे याचा पुरावा होईल का? यंत्रमागाचा माल हातमागाचा म्हणून विकला जातो आणि सहा-सहा महिने बसणाऱ्या माणसाला त्याचा भाव मिळत नाही, हे आमचं रोजचं दुखणं आहे. गिऱ्हाइकानं मोबाइल टेकवला आणि विणकराचं नाव, किती दिवस लागले ते दिसलं, असं काही होऊ शकतं का?

दुसरा, बारकोड फुकटात छापता येतो. एवढा खर्च लहान दुकानदारानं का करावा?


भोसरीचा_किरण

धोटेदादा, पहिला प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून जपून उत्तर देतो.

ताईंच्या मोजणीचा टॅग आणि तुम्हाला हवा तो टॅग वेगळे. ताईंचा टॅग दुरून, शंभर एकदम वाचायचा आहे. तो साध्या मोबाइलनं वाचता येत नाही. मोबाइलला वाचता येतो तो सुमनताई म्हणतात त्या १३.५६ वाला, त्यालाच एनएफसी म्हणतात. मोबाइल त्यावर टेकवला की पान उघडेल, विणकराचं नाव आणि मागावरचा फोटोही दिसेल. हे आज करता येतं.

पुरावा किती पक्का, ते मात्र टॅगवर नसून टॅग साडीला कसा जोडला यावर ठरतं. चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला एक नंबर असतो, तो सहसा बदलता येत नाही. पण अख्खा टॅगच उसवून दुसऱ्या साडीला शिवला तर चिप बिचारी खरंच बोलणार, साडी मात्र खोटी. म्हणून उसवायला गेलं की अँटेना तुटावी अशा पद्धतीनं तो काठाच्या टोकाला विणावा लागेल, आणि विणणाऱ्यानं मागावरून उतरायच्या आधी. जरीपासून लांब, रेशमाच्या भागात. धुताना आणि इस्त्रीत टिकणारे टॅगही मिळतात. हॉस्पिटल आणि हॉटेलच्या चादरींना तसे शिवलेले असतात आणि ते धुलाईच्या अनेक फेऱ्या काढतात. तुमच्या भागात पाच-सहा मागवाले एकत्र आले तर मी स्वखर्चानं येऊन नमुने करून देईन. खरंच कळवा.

दुसरा प्रश्न. पाचशे साड्यांचं दुकान असेल तर बारकोडच ठेवा, पैसे वाया घालवू नका. घाऊकमध्ये साधा टॅग नगाला थोड्या रुपयांत पडतो, तो खर्च सोसतो. भारी पडतं ते हातातलं यंत्र, लाखाच्या आसपास जाऊ शकतं, आणि त्याहून भारी पडतं ते जुन्या सगळ्या मालाला टॅग लावण्याचं मनुष्यबळ. ताईंच्या वरच्या मजल्यावर एकेक साडी दहा-वीस हजारांच्या पुढची असणार. तिथं एक साडी वेळेवर सापडली तरी शेकडो टॅगचे पैसे निघतात. खालच्या चारशे रुपयांच्या सिंथेटिकला लावायची घाई नको.


जरीकाठ_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहितेय कारण परीक्षा करूनच लिहायचं ठरवलं होतं.

यंत्र तीन दिवस मागून घेतलं. त्या कंपनीनं आधी कां-कूं केलं, मग दिलं. वरच्या मजल्यावरच्या त्याच दोघी मुलींना बरोबर घेतलं. त्यांनीच टॅग लावले, त्यांनीच आकडे लिहिले. चाळीस पैठण्या, प्रत्येक वेळी तीनदा मोजणी, त्यातली सगळ्यात कमी आलेली संख्या देते.

घडीच्या आत: ९. बाहेर, काठाला चिकटून: १६. दोऱ्यानं दोन बोटं: ३१. चार बोटं: ३४.

चार बोटांना मला चाळीस हवे होते. ३४ वर अडलं तेव्हा जरा निराश झाले. मग मनीषा (वरच्या मजल्यावरची, नाव बदललंय) खाली बसून मांडणीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "काकू, दोरा लांब आहे पण टॅग परत काठावरच येऊन पडतोय." खरंच! दोरा मऊ, टॅग हलका. टांगला की लोंबून तो परत नारळी काठाला चिकटत होता. तिनं लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची बोटभर रुंद पट्टी कापली, एका टोकाला टॅग चिकटवला आणि दुसरं टोक घडीत सरकवलं, पुस्तकातली खूण बाहेर डोकावते तशी. पट्टी ताठ राहते, टॅग हवेत उभा राहतो. पुन्हा मोजलं. ३८.

उरलेल्या दोन आम्ही हातात घेऊन बघितल्या. दोन्ही चंदेरी कागद लावलेल्या खोक्यांच्या मधे होत्या. तो कागदही धातूचाच! खोकी काढली, ४०. तिन्ही वेळा ४०.

सुमनताई, तुमचं ऐकून पट्ट्या एकाआड एक डावी-उजवीकडे ठेवल्या, त्याचाही उपयोग झाला असावा.

मग मुलींनी वरच्या मजल्यावरचे सगळे चंदेरी खोके त्याच संध्याकाळी बाजूला काढले. आता साध्या पांढऱ्या पुठ्ठ्याची खोकी सांगितली आहेत.

किरणदादा, बारकोडचं तुम्ही म्हणालात तेच निघालं. एका डिझाइनच्या सगळ्या साड्यांना आमच्याकडे एकच नंबर होता. म्हणजे मार्चमध्ये ३७ कमी आल्या हेसुद्धा आम्ही किती अचूक मोजलं होतं देव जाणे. दीर आता सॉफ्टवेअरवाल्याच्या मागे लागलेत. आधी ते, मग टॅग. सुरुवात फक्त पैठण्यांपासून, साधारण अठराशे नग. आणि जिन्याजवळच्या टेबलावर अँटेना, फॉल-पिको आणि पसंतीच्या गाठोड्यांसाठी.

एक शंका राहिली. पट्टी बाहेर डोकावते म्हणून साडी उलगडून दाखवताना ती गळून पडते. गिऱ्हाइकासमोर दहा पैठण्या उघडल्या की दहा पट्ट्या गादीवर. मग कुठली कुणाची?


भोसरीचा_किरण

ताई, वाचून फार आनंद झाला. त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. हा उपाय मला सुचला नव्हता आणि मी तो पुढच्या कामात वापरणार आहे.

पट्टी गळू नये म्हणून घडीत सरकवायच्या टोकाला छिद्र पाडा आणि बारीक रेशमी दोऱ्यानं एक सैल टाका घाला. काठात नको, पदरातही नको. फॉल लागतो त्या बाजूला नेसायच्या टोकाचा जो साधा भाग असतो, जिथं जर नसते, तिथं. घडी घालताना तेच टोक दर्शनी बाजूला येईल अशी सवय मुलींना लावा. साडी पूर्ण उलगडली तरी पट्टी तिथंच राहील. विकली गेली की बिल करताना टाका उसवायचा, पट्टी काढून घ्यायची आणि पुढच्या साडीला नवा नंबर लिहून तीच वापरायची. टाका घालणाऱ्या मुलीकडेच लिहायचं काम ठेवा, म्हणजे नंबर आणि साडी एकाच हातून जोडली जाईल.

टाक्याला सुई बारीक घ्या, दहा नंबरची. जाड सुईनं पैठणीला भोक राहतं.


धावता_धोटा

सुईबद्दल किरणदादांचं बरोबर. आणि टाका आडव्या धाग्यांच्या मधून घ्या, धाग्यातून नको. किरणदादा, आमच्याकडून सात मागवाले तयार आहेत. श्रावणात काम जरा सैल असतं, तेव्हा येता का?